शिफ्टवाल्या बापाने पोरांच्या वाट्याला कसं यावं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझ्यासारखे जे शिफ्ट करतात, त्यांचं घड्याळ दर आठवड्याला बदलतं. फर्स्ट शिफ्टला सकाळी सव्वासहाला घर सोडतो तेव्हा पोरगी झोपेत. सेकंडला रात्री साडेबाराला येतो तेव्हाही झोपेत. नाईटच्या आठवड्यात ती घरभर नाचते तेव्हा मी पडदे ओढून पडलेला. त्यामुळे ‘मुलांना वेळ द्या हो’ असं कुणी म्हटलं की मला आधी त्याची ड्युटी विचारावीशी वाटते.

वेळेचं हे गणित आपल्याकडून सुटणारं नाही, त्याचा नाद सोडा. त्याऐवजी पोराचं रोजचं एक काम पूर्णच्या पूर्ण आपल्याकडे घ्या. बायकोने हाक मारल्यावर उठून करायचं, तसं नव्हे. त्या कामाचं सामान आणायचं, ते संपत आलंय हे लक्षात ठेवायचं, बिघडलं तर निस्तरायचं, घरात पाहुणे बसलेले असले तरी करायचं, आणि घरात दुसऱ्या कुणाला त्याचा विचारही करावा लागू नये, इतकं ते आपलं. फिरायला नेणं, खेळणी, वाढदिवसाचा हॉल हे सगळं त्यानंतर. माझी पोरगी सई साडेतीन वर्षांची आहे आणि तिच्या वेण्या माझ्याकडे आहेत.

कुठलं काम घ्यायचं

काम निवडताना तीन गोष्टी बघा. ते रोजचं असावं, पोर जागं असताना करायचं असावं, आणि त्यात हाताचा स्पर्श असावा. नखं कापणं चांगलं, पण ते आठवड्यातून एकदाच. झोपवणं सगळ्यात उत्तम, पण सेकंड शिफ्टला ते जमायचं नाही. डबा भरणंही चालेल, फक्त तो भरताना पोर दुसऱ्या खोलीत असतं. मुलगा असेल तर आंघोळ घ्या. आंघोळ, अंग पुसणं, कपडे घालणं, भांग पाडणं, सगळं एका दमात. दात घासणंही घेता येईल, पण त्यात रोज भांडण होणार हे धरून चाला.

बाळ अगदी लहान असेल तर याहून सोपी वाट आहे. आपल्याकडे पहिले दोन-तीन महिने मालिशवाल्या मावशी येतात. त्या यायच्या बंद झाल्या की मालिश आणि आंघोळ आपल्याकडे घेऊन टाका. त्या येत असतानाच शेजारी बसून बघून ठेवा. मान कशी धरतात, पाणी कोपराने कसं बघतात, कानामागे आणि गळ्याच्या घडीत कसं पुसतात. मावशींना बाप बघत बसलेला थोडा अवघड वाटतो, पण चहा केला की त्या शिकवतात.

वेण्यांचं काम मात्र मला सगळ्यात जास्त पटलं, त्याचं कारण पुढे येईल. आधी काम कसं करायचं ते.

वेण्या, पहिल्यापासून

सामान थोडंच लागतं. रुंद दातांचा एक कंगवा, शेपटीवाला एक बारीक कंगवा, खोबरेल तेल, दोन चिमटे आणि कापड गुंडाळलेले रबर. मेन रोडवर पाकिटात मिळतात ते पातळ रंगीत रबर घेऊ नका. ते केसांत रुततात, काढताना केस तुटतात आणि पोर ओरडतं. मग उद्या बसत नाही.

मी पाटावर बसतो, सई माझ्या दोन गुडघ्यांमध्ये, तोंड गॅलरीकडे. रबरांची वाटी तिच्या हातात. रबर तिने द्यायचे, रंग तिने निवडायचा. हातात काम असलं की पोर तेवढा वेळ टिकतं.

पहिल्यांदा तेलाचं बोट केसांच्या टोकांना लावायचं आणि टोकापासूनच विंचरायला घ्यायचं. पुरुषांचे केस दोन बोटांचे, त्यामुळे आपल्याला कंगवा थेट डोक्यावरून खाली ओढायची सवय. लांब केसांत तसं केलं की सगळा गुंता खाली जाऊन एकच गाठ बसते. म्हणून खालची चार बोटं आधी मोकळी करायची, मग त्याच्या वरची चार, असं वर सरकायचं. गाठ लागली तर तिच्या वर केस मुठीत घट्ट धरायचे आणि मुठीखाली कंगवा चालवायचा. ओढ मुठीला बसते, मुळाला बसत नाही. एवढी एक गोष्ट जमली तरी पोरगी तुमच्याकडे बसायला तयार होईल.

मग भांग. शेपटीवाल्या कंगव्याचं टोक कपाळावर नाकाच्या रेषेत ठेवायचं आणि मागे मानेपर्यंत एका हाताने न थांबता न्यायचं. थांबलात की भांग वाकडा होतो. अर्धे केस चिमट्यात अडकवायचे, उरलेल्या अर्ध्यांवर काम. डोकं मशीनवर लोखंडाचा तुकडा आवळून बसवल्यासारखं धरू नका. ते हलणारच. ती हलली की आपण थांबायचं आणि ती स्थिर झाली की पुढे.

वेणी शिकण्यासाठी पोराचं डोकं वापरू नका. खिडकीच्या ग्रिलला सुतळीचे तीन पदर बांधा आणि त्यावर शिका. उजवा पदर मधल्यावर, डावा मधल्यावर, पुन्हा उजवा. दर वेळी पदर ताणून धरायचा, नाहीतर दुपारपर्यंत वेणी सुटते. बोटांना सवय झाली की डोळे लागत नाहीत. आमच्या लाइनवरच्या एका पोराने हत्यारांच्या खोलीमागे मशीन पुसायच्या कॉटन वेस्टच्या दोऱ्यांवर सराव केला. लोक हसले, पण आता त्याच्या पोरीच्या वेण्या माझ्यापेक्षा चांगल्या बसतात.

घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. रबर लावल्यावर पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या असतील तर वेणी घट्ट आहे, सोडून पुन्हा घाला. रोज आवळून बांधलेल्या केसांची कपाळालगतची मुळं दुखावतात आणि तिथले केस विरळ होत जातात. आपल्या आज्यांना वेणी करकचून हवी असते. त्यांचं ऐकू नका.

आणि आता ते कारण. वेण्या घालताना पोरगी आपल्याकडे पाठ करून असते. समोर बसवून ‘आज बालवाडीत काय केलं?’ विचारलं की सई ‘काही नाही’ म्हणते आणि पळते. इथे कुणी तिच्या तोंडाकडे बघत नाही, हात डोक्यावर आहे, आणि ती आपली वाटीतले रबर मोजते आहे. एकदा डावी वेणी चालू असताना ती म्हणाली, “पप्पा, मधल्या झोक्यावर मला बसूच देत नाहीत.” मी “हं” म्हणालो आणि पुढचा पदर घेतला. थोड्या वेळाने आणखी निघालं. झोका कुणाचा, कोण ढकलतं, ताई काय म्हणाल्या. मी “कोण ते? नाव सांग बरं” असं लगेच विचारलं असतं तर गाडी तिथेच थांबली असती. लहान पोरांशी बोलताना अर्ध्याहून जास्त काम गप्प राहण्याचं असतं, आणि हाताला काम असलं की माणसाला गप्प राहणं सोपं जातं.

उवा

केस आपल्याकडे आले म्हणजे उवाही आल्या. बालवाडीत डोक्याला डोकं लावून खेळतात, त्यातून त्या येतात. घाणीचा संबंध नाही, तेव्हा कुणाच्या घरावर घसरू नका. कानामागे आणि मानेवर खाजवताना दिसली की उन्हात बसवून केसांच्या मुळाशी बघा. कोंडा फुंकरीने उडतो, लीख केसाला चिकटून राहते.

केस ओले करून भरपूर तेल चोपडायचं, आधी रुंद कंगव्याने गुंता काढायचा, मग बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत, आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसून बघायचं. हे एकदाच करून सुटका होत नाही. लिखा आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून तीन-चार दिवसांच्या अंतराने किमान दोन आठवडे फणी चालवायची. घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची, आपलंही. औषधाचं लोशन लावायचं तर डॉक्टरांना विचारून.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. आपल्याकडे दिंडोरी-निफाडच्या बागांमुळे घरोघरी फवारणीची औषधं पडलेली असतात आणि ‘त्याचे दोन थेंब तेलात टाक, एका रात्रीत साफ’ असं सांगणारा एकतरी पाहुणा निघतोच. ते विष आहे, कातडीतून आत जातं. रॉकेलही नाही. पाहुण्याला चहा पाजा आणि विषय बदला.

शिफ्टप्रमाणे बसवणं

सेकंडचा आठवडा यासाठी सगळ्यात चांगला. सकाळ अख्खी आपली. तिला उठवण्यापासून बालवाडीच्या गेटपर्यंत मीच असतो.

फर्स्टला सकाळ हातची जाते, म्हणून काम संध्याकाळवर टाकायचं. तेल, विंचरणं, आणि झोपताना एक सैल वेणी. सैल वेणी घालून झोपलं की सकाळी गुंता होत नाही आणि बायकोला नुसती वरून फणी फिरवून पुरते. काम मात्र माझंच राहतं.

नाईटला मी साडेसातला घरी येतो, वेण्या घालतो आणि झोपतो. गाडीवर सोडायला जात नाही. रात्रभर मशीनसमोर उभं राहून आल्यावर पाथर्डी फाट्याच्या वाहतुकीत पोराला पुढ्यात घेऊन जाणं मला पटत नाही. डुलकी सांगून येत नाही. ते सोडण्याचं काम त्या आठवड्यात दुसऱ्याकडे द्या आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

साडेतीन वर्षांच्या पोराला ‘उद्या’, ‘परवा’, ‘पुढच्या आठवड्यात’ यांचा काही पत्ता नसतो. म्हणून कालनिर्णयावर खुणा करा. आमच्याकडे फर्स्टला उगवता सूर्य, सेकंडला झाड, नाईटला चंद्र, सुट्टीला वेणीचा रबर चिकटवलेला. शनिवारी आम्ही दोघं बसून पुढच्या आठवड्याची चित्रं काढतो. सकाळी उठल्यावर ती भिंतीकडे बघते आणि सांगते, “आज पप्पा चंद्राचे.” चंद्राचे पप्पा झोपलेले असतात, त्यांच्या खोलीत जायचं नाही, चार वाजता ते उठतात, हे तिला आता तोंडपाठ आहे. कधी येणार हे ठाऊक असलं की पोरं बरीच शांत राहतात. न कळवता गायब होणारा माणूस त्यांना सोसत नाही.

सेकंडला जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा मोह होतो. व्हिडिओ कॉलवर या वयाची पोरं आपल्याला पंखा दाखवतात, मग स्वतःचं नाक, आणि मग फोन सोफ्यावर पालथा. त्यात पुन्हा मशीनपाशी फोन न्यायला बंदी असते, कँटीनमध्ये गोंगाट. त्यापेक्षा दुपारी निघण्याआधी एक गोष्ट बोलून रेकॉर्ड करून ठेवा आणि झोपताना बायकोला ती लावायला सांगा. गोष्ट साधीच हवी, आणि तिच्यात तिचं नाव हवं. कँटीनमध्ये येणारी मांजर, तिची पिल्लं, आणि पिल्लांना सई काय म्हणाली. फोन केलाच तर ‘जेवलीस का’च्या पुढे जा. आपल्या दिवसातली एक गोष्ट आधी आपण सांगायची, मग तिची येते.

दारातून आत येताना

कंपनीतून आल्या आल्या पोर पायाला मिठी मारतं, तो क्षण सोडवत नाही. पण मशीनवर काम करणाऱ्यांच्या बाह्यांवर, खिशांच्या शिवणीत लोखंडाचे बारीक कण अडकलेले असतात, कपड्यांना कूलंट आणि तेल लागलेलं असतं. पोराच्या गालाला ते घासतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे. सई दारात उभी राहून मोठ्याने दहापर्यंत आकडे म्हणते, तेवढ्यात मी बाथरूममध्ये. ती सहा नेहमी खाते. दहा म्हणून झाले तरी पप्पा आले नाहीत तर पुन्हा एकपासून. साबणाने हात कोपरापर्यंत, तोंड, कपडे बदलून मग बाहेर. ते कपडे तिच्या कपड्यांबरोबर मशीनला लावायचे नाहीत, वेगळे.

फोन हेल्मेटमध्ये. हेल्मेट दारामागच्या खुंटीला उंच लावलेलं असतं, फोन त्याच्या पोटात. टेबलावर ठेवला तर हात जातोच, खिशात असला तर थरथरतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं तरी तो तिथेच राहू द्या. सुपरवायझरचा ग्रुप तेवढ्यात बुडत नाही. पोरांच्या स्क्रीनबद्दल इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं आहे की दोन वर्षांखाली अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, तेही मोठं कुणी शेजारी असताना. आपण स्वतः जेवताना रील बघत असलो तर हा नियम पोराला लावता येत नाही, एवढंच माझं त्यावर म्हणणं.

घरातली माणसं

माझी आई सटाण्याकडची. बाप पोरीच्या वेण्या घालतोय हे तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, “घरात दोन-दोन बाया असताना तुला काय सुचलं रे हे?” यावर वाद घालू नये. “आई, तू बस, मला शिकव,” एवढं म्हटलं की आजी शिकवायला बसते आणि प्रश्न संपतो. शिकवणाऱ्याला काम चुकीचं वाटत नाही. आता तीच खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगते की आमचा पोरगा वेण्या घालतो, आणि त्यातला भांग तिने शिकवलाय हेही न चुकता सांगते.

बायकोबरोबरची गोष्ट जरा नाजूक. ती स्वतः लॅबमध्ये नोकरी करते, सकाळी घाई. तिच्या हाताखाली जे काम चार मिनिटांत व्हायचं, त्याला आपल्याला पाव तास लागतो, आणि एक वेणी वर एक खाली. तिला ते बघवत नाही, हात शिवशिवतात. यावर आम्ही ठरवलं ते असं, की वेण्या चालू असताना तिने स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही, आणि झाल्यावर दुरुस्त करायच्या नाहीत. वाकडी वेणी घालून पोरगी बालवाडीत गेली तर जाऊ द्यायची. पोराच्या समोर ‘इकडे ये, नीट घालून देते’ म्हटलं की पोर समजतं की पप्पांचं काम तात्पुरतं असतं. हे बायकोला आधी, पोर झोपल्यावर, शांतपणे सांगा. बदल्यात तुम्हीही तिच्या कामात नाक खुपसायचं नाही.

पोर म्हणालं, मम्मीच पाहिजे

हे होणारच. विशेषतः नाईटचा आठवडा संपल्यावर, किंवा तापातून उठल्यावर. सई दोन्ही हातांनी डोकं धरून बसते आणि म्हणते, “मम्मीच घालेल.” इथे बहुतेक बाप दोनपैकी एक करतात. एकतर चॉकलेट काढतात, नाहीतर ‘जा मग मम्मीकडे’ म्हणून उठून जातात. चॉकलेटने त्या दिवशी वेणी होते आणि दुसऱ्या दिवशीपासून रोजचा भाव ठरतो. उठून गेलो तर काम हातचं गेलं.

पाटावर बसून राहायचं. मनाला लावून घ्यायचं नाही, ते आपल्याविरुद्ध नसतं. “तुला मम्मी हवी आहे. मम्मी गॅसपाशी आहे. मी इथे बसलोय,” एवढं बोलून थांबायचं. मग बाहुलीच्या केसांना हात घालायचा, किंवा वाटीतले रबर स्वतःच्या बोटांना लावायचे. बहुतेक वेळा पोर सरकत सरकत येतं. नाहीच आलं तर नुसते केस विंचरून एक पोनी, आणि बाकीचं उद्या. रडारड वाढली तर बोलणं कमी करा. आक्रस्ताळेपणा चालू असताना या वयाच्या पोरांना समजावलेलं ऐकूच येत नाही. दोन-तीन वर्षांच्या पोराला स्वतःला आवरणं अजून जमतच नसतं, ते पुढे बऱ्याच वर्षांनी येतं. खाली बसून, त्यांच्या उंचीवर येऊन, हात पुढे करून थांबायचं. त्रिमूर्ती चौकातल्या दुकानासमोर सगळं जग बघत असताना हे कठीण जातं, कबूल. लोकांकडे बघू नका.

सुट्टीच्या दिवशी

आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी. या एका दिवसात सगळी कसर काढायची म्हणून पोराला वॉटर पार्क, मॉल, हॉटेल असं फरफटवू नका. सध्या २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत शहरभर कामं निघाली आहेत, तेव्हा जेसीबी फुकट बघायला मिळतो, आणि लहान पोराला जेसीबीच्या वर काही नसतं. लांब सुरक्षित जागी उभं राहा, खांद्यावर घ्या, पाऊण तास कुठे जातो कळत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की होळकर पुलावर जा आणि गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती दाखवा. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं, नाशिककर पूर असाच मोजतात. घाटावर उतरायचं नाही, पुलावरूनच, आणि पोराचं मनगट धरायचं, बोट नाही. थंडीत पांडवलेणी, सकाळी लवकर. लेणी चोवीस आहेत, सईला दोन पुरतात, बाकीचा वेळ पायऱ्यांवरच्या माकडांचा. खाऊची पिशवी वर नेऊ नका.

त्याहून चांगलं म्हणजे आपल्याच कामात पोराला ओढणं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून पडद्यावर आणलं. आपला धंदा तेवढा रंगीत नसेना का, पण गाडी धुताना फडकं पिळायला, गिरणीत दळण टाकायला, पवननगरच्या बाजारात लिंबं मोजून पिशवीत टाकायला पोर लागतंच. वेळ दुप्पट जाईल. सुट्टीच्या दिवशी तो असतो.

स्कूटरवर पोराला पुढे उभं करून नेणारे बाप आपल्याकडे पैशाला पासरी. ब्रेक लागला की तोंड थेट हँडलवर. केंद्राचा नियमही आहे. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सेफ्टी हार्नेस, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. फेब्रुवारी २०२३पासून तो लागू आहे.

आणि द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या घरात द्राक्षांची पेटी नाही असं होत नाही. पाच वर्षांखालच्या पोराला अख्खं द्राक्ष देऊ नका. ते गुळगुळीत असतं, श्वासनलिकेत बूच बसावं तसं बसतं. उभे चार भाग करा. आडवे दोन केले तर तुकडा गोलच राहतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे यांनाही तेच. पळता पळता तोंडात घास नको.

कागद आणि रजा

पोराचं वजन किती, चपलेचा नंबर किती, कुठली लस राहिली, बालवाडीच्या ताईंचा फोन नंबर, हे बायकोला न विचारता सांगता येतं का बघा. वजन माहीत असणं गरजेचं आहे, कारण तापाच्या औषधाचा डोस डॉक्टर वजनावर ठरवतात. लसीकरणाचं कार्ड आपल्याकडे घ्या. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांना, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, त्याच सुमारास डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, आणि पुढचा बूस्टर पाच-सहा वर्षांना. हा शेवटचा बापलोक हमखास विसरतात, कारण तोवर पोर मोठं झालं असं वाटतं. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात या लशी मोफत आहेत. सुई टोचताना पोर आपल्या मांडीवर घ्या, ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘एकदा टोचेल, मी धरून ठेवतो’ म्हणा.

केंद्र सरकारच्या नोकरीत बाळंतपणाच्या वेळी बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कंपनीत तसा कायदा नाही, कंपनीने ठरवलं तर मिळते. आईला मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे आहेत. तेव्हा बाळ येणार असेल तर आपली शिल्लक रजा आधीपासून राखा, आणि पहिल्या आठवड्यात सगळी उधळू नका. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. माणसं गेल्यावर खरी गरज लागते.

पुढेही रजेचा हिशेब पोराभोवतीच ठेवा. लग्नसराईत दूरच्या चुलत्याकडे संपवलेली सीएल, म्हणजे किरकोळ रजा, तापाच्या दिवशी मागता येत नाही. बालवाडीचं गॅदरिंग आमच्याकडे जानेवारीत असतं, म्हणून एक सीएल मी डिसेंबरपासूनच बाजूला ठेवतो. त्या आठवड्यात सेकंड लागली तर शिफ्ट बदलून देणारा माणूस आधीच बोलून ठेवायचा, आणि त्याच्या पोराच्या कार्यक्रमाला त्याची शिफ्ट आपण घ्यायची. आमच्या लाइनवर आता चौघांचं असं जुळलंय, सुपरवायझरला फक्त आठवडाभर आधी कागद द्यावा लागतो.